रोखा, अहवाल आणि असूड
एकोणिसाव्या शतकातील शासनव्यवहार आणि मराठी गद्याचा एक दुर्लक्षित संदर्भ

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याची कहाणी आपल्या वाङ्मयेतिहासात ज्या क्रमाने सांगितली जाते, तो क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यातून काही वगळले गेले आहे काय, असा प्रश्नही सहसा उपस्थित होत नाही. मिशनऱ्यांची पुस्तके, मोल्सवर्थचा कोश (१८३१), 'दर्पण' (१८३२) आणि 'प्रभाकर', शाळाखात्याची क्रमिक पुस्तके, लोकहितवादींची शतपत्रे आणि अखेरीस 'निबंधमाले'त (१८७४-१८८१) प्रौढत्वास पोचलेला निबंध, असा हा प्रवास मांडला जातो. या मांडणीत गद्य म्हणजे छापलेले गद्य, आणि गद्याचा वाचक म्हणजे नव्या शाळांतून शिकून बाहेर पडलेला मध्यमवर्गीय, हे गृहीत धरलेले असते.

पण त्याच काळात दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य माणसांचा लिखित मराठीशी जो संबंध आला, तो यांपैकी कशाशीही आला नाही. तो आला कर्जरोख्याशी, साऱ्याच्या पावतीशी, कोर्टाच्या समन्साशी आणि जप्तीच्या हुकमाशी. ज्या माणसाने आयुष्यात एकही पुस्तक हातात धरले नाही, त्याच्या नावावर चार-पाच दस्तऐवज मात्र असत. आणि त्याचे शेत, बैल व राहते घर त्या दस्तऐवजांतील शब्दांवर अवलंबून असे. व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश प्रशासन हे सर्वार्थाने कागदाचे राज्य होते. हे म्हणणे आज नवे राहिलेले नाही. परंतु या कागदी राज्याने मराठी गद्याला कोणती रूपे दिली, त्यांत 'मी' म्हणून कोण बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न इतिहासकाराचा नसून समीक्षकाचा आहे, आणि तो आपण जवळजवळ विचारलेलाच नाही.

प्रस्तुत लेखात तीन लेखनरूपे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न आहे. पहिले, सावकाराने लिहवून घेतलेला कर्जरोखा. दुसरे, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल. आणि तिसरे, जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३). फुल्यांनी आयोगाचा अहवाल समोर ठेवून त्याला उत्तर म्हणून 'असूड' लिहिला, असे येथे सुचवायचे नाही. तिन्हींचा विषय एकच आहे, तिन्हींची भूमीही एकच आहे, आणि तिन्हींत कुणब्याला दिलेले व्याकरणिक स्थान मात्र वेगवेगळे आहे, एवढेच या तुलनेचे निमित्त.

२

रोख्याकडे वळण्यापूर्वी तो ज्या व्यवस्थेतून निर्माण झाला ती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १८१८ नंतर पेशव्यांच्या मुलखात रयतवारी पद्धत आली. प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस रिकार्डोच्या खंडसिद्धांताच्या आधारे केलेली पहिली पाहणी फसली. त्यानंतर १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. जमिनीची प्रतवारी लावायची, प्रत्येक क्षेत्राला क्रमांक द्यायचा, त्यावर आकार ठरवायचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवायचा, अशी ही पद्धत होती. आकार नेमका ठरलेला होता. पण तो रोख पैशांत, ठरलेल्या हप्त्याने, पाऊस पडो वा न पडो, भरावयाचा होता. कोरडवाहू मुलखात पीक आणि हप्ता यांचे वेळापत्रक जुळणे कठीणच. ती तफावत सावकाराने भरून काढली.

सावकार पूर्वीही होता. मात्र गावाच्या संमतीवाचून त्याला वसुली करता येत नसे आणि राज्यकर्ताही त्याच्या मदतीला सहसा धावत नसे. नव्या दिवाणी न्यायालयांनी हे चित्र पालटले. न्यायाधीशापुढे गाव उभे राहत नव्हते, कागद उभा राहत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचून कुळ बुडू नये, हा या कायद्यामागचा हेतू. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहवून घेई आणि जुन्या रोख्यातील मुद्दल व व्याज मिळून नव्या रोख्याचे मुद्दल होई. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशा रीतीने कागदावर न मोडताही मोडला जाई. स्वतः विंगेटने १८५२ मध्येच, कायदा धनकोच्या बाजूने किती झुकला आहे, याकडे सरकारचे लक्ष वेधले होते. परंतु कायदा आपल्या गतीने चालत राहिला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली. तीही इंदापुरापासूनच, १८६७ मध्ये. तेजीतील भाव ध्यानात घेऊन वाढवलेला सारा मंदीत भरण्याची पाळी रयतेवर आली. कित्येक गावांत ही वाढ दीडपट-दुपटीपर्यंत गेली होती.

आता रोख्याची संहिता पाहू. मोडीत, शब्दांत अंतर न सोडता, विरामचिन्हांवाचून लिहिलेला हा मजकूर असे. मेजर कँडीने 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये प्रसिद्ध केली, पण ती छापील बाळबोध मराठीसाठी. रोख्याच्या मोडीला तिचा स्पर्श झाला नाही. तिथीवार, धनकोचे नाव, ऋणकोचे नाव, रकमेचा आकडा, व्याजाचा दर, फेडीची मुदत, तारण, आणि शेवटी रुपये भरून पावलो, तक्रार नाही, हा रोखा राजीखुशीने लिहून दिला, असा कबुलीचा भाग. या रचनेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे तिचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. 'मी' घेतले, 'मी' फेडीन, 'मी' राजीखुशीने लिहून दिले. हा 'मी' कुणब्याचा. पण शब्द सावकाराच्या गुमास्त्याचे किंवा कुलकर्ण्याचे, अक्षरही त्याचेच. ज्याचा म्हणून हा 'मी' आहे, तो स्वतःचे म्हणणे वाचू शकत नाही.

मजकुराच्या खाली मात्र एक जागा त्याची स्वतःची असे. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराची आकृती काढी आणि शेजारी कारकून लिही : निशाणी नांगर. स्त्रीची निशाणी बांगडीची. जुन्या दफ्तरांतून अशा शेकडो निशाण्या आजही पाहायला मिळतात. एका दृष्टीने हा त्या कागदावरील एकमेव खरा हस्तलेख होय. ज्या अवजाराने तो जमिनीवर रेघ ओढीत होता, त्याचेच चित्र तो कागदावर काढीत होता, आणि त्या चित्राच्या बळावर ती जमीन त्याच्या हातून जात होती. आपल्या समीक्षेत लेखक आणि निवेदक यांच्यातील भेदाची चर्चा कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ झाली आहे. हा भेद एखाद्या समाजाच्या अस्तित्वाचा प्रश्न बनतो, याचे उदाहरण मात्र रोख्याइतके स्पष्ट दुसरे सापडणार नाही.

३

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे येथे, बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी गुजर सावकारांची घरे व दुकाने फोडली. त्यानंतरच्या दिवसांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हीच घटना पुन्हा पुन्हा घडली. याआधीच, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील करडे गावात एका मारवाडी सावकाराने हुकूमनाम्याच्या आधारे गावच्या देशमुखाचे घर ताब्यात घेऊन पाडले, तेव्हा गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला होता. पाणी भरणे बंद, हजामत बंद, शेतीची कामे बंद. आसपासच्या काही गावांनी तर असे बहिष्कार लेखी करारांनी बांधून घेतले. ज्यांना कागदाने नागवले, ते प्रतिकारासाठीही कागदच करतात, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

दंग्यांचे स्वरूप मर्यादित होते. मनुष्यहानी झाली नाही, आणि ज्या सावकाराने आपले रोखे निमूटपणे काढून दिले त्याच्या घराला बहुधा धक्का लागला नाही. जमावाचा रोख रोख्यांवर होता. ते हाती आले की त्यांची होळी केली जाई. सरकारने लष्कर बोलावले, साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली आणि त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांना शिक्षा झाल्या. नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या अभ्यासकाने १९७२ मध्ये असा युक्तिवाद केला की या दंग्यांची व्याप्ती आणि महत्त्व अतिशयोक्तीने सांगितले गेले आहे. व्याप्तीपुरता तो युक्तिवाद मान्य करायलाही हरकत नाही. पण कृतीचा अर्थ व्याप्तीवरून ठरत नसतो.

ही कृती कोणती होती? अज्ञ जमावाचा उद्रेक असे तिचे वर्णन करण्याची एक रीत आहे. कागद जाळल्याने कर्ज फिटत नाही, हे न समजण्याइतके हे लोक भोळे होते, असे त्यात सुचवलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलट दिसते. नव्या व्यवस्थेत कर्ज हे देवघेवीत राहिलेले नसून कागदात राहते, न्यायालय माणसाला ऐकत नाही तर कागदाला ऐकते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. निरक्षरांनी लिखित शब्दाच्या सत्तेचे केलेले हे वाचन होते. वाचता न येणाऱ्या माणसाने संहितेचा अर्थ लावावा, आणि तो अर्थ सुशिक्षितांपेक्षा अधिक नेमका असावा, ही शक्यता आपल्या साक्षरताकेंद्री वाङ्मयविचारात बसत नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

४

सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने १८७६ मध्ये आपला अहवाल सादर केला. १८७८ मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. अहवाल हा व्हिक्टोरियाकालीन प्रशासनाचा लाडका वाङ्मयप्रकार म्हणावा लागेल. त्याचे संकेत ठरलेले होते : प्रदेशाचे भूवर्णन, पूर्वेतिहास, लोकसंख्या व जाती, आकारणीचा वृत्तान्त, कारणमीमांसा, शिफारशी, आणि मागे परिशिष्टांचा भार. या अहवालाची परिशिष्टे आजही इतिहासकारांना उपयोगी पडतात. साक्षी, तक्ते, भाव, दाव्यांची संख्या, सावकारांच्या हिशेबांचे नमुने, असा विपुल ऐवज त्यांत आहे. या बाबतीत आयोगाच्या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लग्नकार्यांवरील उधळपट्टीमुळे कुणबी कर्जबाजारी होतो, ही अधिकाऱ्यांची आवडती समजूत होती. या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने नमूद केले. न्यायालयात पुष्कळसे दावे एकतर्फी निकालात निघतात, हेही त्याने दाखवून दिले.

तथापि, दंग्याचे कारण सरकारची साऱ्याची मागणी हे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देताना अहवालाचा तोल ढळतो. मागणी हे कारण नव्हे, सावकार आणि कायद्याची त्याला मिळणारी साथ हे खरे कारण, असा निष्कर्ष निघाला. आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन हे वायव्य प्रांतातून आलेले अधिकारी. त्यांनी स्वतंत्र टिपण लिहून मुंबई इलाख्याच्या फेरआकारणीवर बोट ठेवले. म्हणजे परिशिष्टांत आणि टिपणांत जे होते ते निष्कर्षात आले नाही. संहितेच्या पोटात तिच्याच निष्कर्षाला छेद देणारा मजकूर असणे, हे या वाङ्मयप्रकाराचे वैशिष्ट्यच आहे.

रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी' या निबंधात बंडांविषयीच्या सरकारी लेखनाचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे स्तर कल्पून, त्या सर्वांतून बंडखोराची स्वतःची जाणीव कशी पुसली जाते हे दाखवले. त्यांच्या विवेचनाचा येथे उपयोग आहे; परंतु त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. आयोगापुढे कुणबी बोलला. तो मराठीत बोलला, त्याचे बोलणे कारकुनाने टिपले, त्याचा इंग्रजी तर्जुमा झाला, आणि मग तो तर्जुमा परिच्छेदांना क्रमांक दिलेल्या गद्यात पुरावा म्हणून बसवला गेला. रोख्यात त्याला खोटा 'मी' दिला होता. अहवालात तो 'मी' काढून घेऊन त्याचा 'तो' करण्यात आला. रयत कर्जबाजारी आहे, रयत सोशीक आहे, रयत दूरदर्शी नाही. या वाक्यांत कुणबी कर्ता दिसतो खरा, पण व्याकरणापुरताच. तो विधानाचा विषय आहे, विधान करणारा नाही.

अहवालाची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आणि फेब्रुवारी १८७९ मधील वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव या घटना घडून गेल्या होत्या. त्यांनी सरकारची घाई वाढवली असणार. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्यात दोन तरतुदी आपल्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहेत. पहिली अशी की, न्यायालयाने रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. दुसरी अशी की, शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. पहिल्या तरतुदीने कायद्यानेच कबूल केले की संहिता स्वयंपूर्ण नसते, तिच्या मागे जावे लागते. दुसरीने मात्र उपाय म्हणून लेखनिक बदलला. लिहिणारा सावकाराचा माणूस होता, तो आता सरकारचा माणूस झाला. ज्याच्या नावाने लिहायचे त्याच्या हाती लेखणी द्यावी, हा विचार कायद्याच्या कक्षेतच नव्हता. ब्रिटिश प्रशासनाच्या उदारमतवादाची ताकद आणि मर्यादा या दोन कलमांत एकत्र पाहता येते.

५

लेखणी कोणाच्या हाती, हाच प्रश्न फुल्यांनी केंद्रस्थानी आणला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. दोन्ही कृतींतील प्रतिपादन एकाच सूत्रात ओवलेले आहे : साऱ्याचा मोठा वाटा ज्याच्याकडून येतो, त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर सरकार खर्च करीत नाही, आणि म्हणून सरकार व रयत यांच्यामध्ये लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या एकाच वर्णाचा पडदा उभा राहतो.

फुल्यांना प्रशासनाचा अनुभव दुरून आलेला नव्हता. कंत्राटदार म्हणून त्यांचा बांधकामखात्याशी संबंध होता आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. 'असुडा'त महसूल, न्याय, पाटबंधारे, जंगल, शिक्षण अशा एकेका खात्याचा जो झाडा घेतला आहे, त्यामागे ही माहिती आहे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर अहवालाचेच संकेत फुले वापरतात : पूर्वेतिहास, सद्यःस्थिती, कारणे, उपाय. शेवटचे प्रकरण तर सूचनांचेच आहे. पण या परिचित सांगाड्यात त्यांनी जे भरले त्याने सांगाड्याचा अर्थ बदलला.

पहिले उदाहरण पहिल्याच प्रकरणातील. जन्मापासून मरणापर्यंतच्या, किंबहुना मरणानंतरच्याही, प्रत्येक प्रसंगी भटजी कुणब्याकडून काय काय घेतो याची तेथे दीर्घ नोंद आहे. वाचकाला ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. वर्गात शिकवताना विद्यार्थी येथे हटकून पाने उलटतात. पण ही यादी अहवालातील तक्त्याच्या शेजारी ठेवून वाचली की तिचे प्रयोजन उलगडते. लग्नखर्च हा कुणब्याचा दोष की नाही, या चौकटीत आयोग विचार करीत होता. फुल्यांनी चौकटच बदलली. त्यांनी धार्मिक विधींना खर्चाच्या रकान्यातून काढून कराच्या रकान्यात घातले. सरकारच्या साऱ्याबरोबरीने आणखी एक सारा वसूल होत असतो आणि त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते, हे दाखवण्यासाठी त्यांना स्वतःचे दफ्तर तयार करावे लागले.

दुसरे उदाहरण चौथ्या प्रकरणातील. गोऱ्या कलेक्टराच्या तंबूकडून निराश होऊन परतलेला एक कुणबी स्वतःशीच बडबडतो आहे. काळ्या कामगारांचे हात ओले केले नाहीत म्हणून त्यांनी साहेबाला सांगून आपल्या शेताचा आकार वाढवला, पाऊसही दगा देऊन गेला, अशी त्याची तक्रार. तो अशाच अवस्थेत घरी पोचतो, आणि मग लेखक आपल्याला त्याच्या घरात नेतो. तेथील भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, गुरे, माणसे एकेक करून दाखवतो. हे वर्णन म्हणजे जप्तीच्या पंचनाम्याचे उलटे रूप आहे. जप्तीच्या कारकुनाने ज्या वस्तू किंमत लावण्यासाठी मोजल्या असत्या, त्याच वस्तू येथे माणसाच्या जगण्याच्या खुणा म्हणून मोजल्या आहेत.

पण त्याहून महत्त्वाची ती बडबड. येथे कुणब्याला पुन्हा 'मी' मिळाला आहे. हा 'मी' रोख्यातल्यासारखा कबुलीचा नाही आणि अहवालाने केलेला 'तो'ही नाही. तो भ्रमिष्टासारखा बोलतो, स्वतःलाच दोष देतो, मधूनच संतापतो. त्याच्या बोलण्याला क्रमांक नाहीत. कोणी म्हणेल की हा 'मी'सुद्धा शेवटी फुल्यांनीच लिहिलेला आहे. मग गुमास्ता आणि फुले यांच्यात फरक तो काय? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. फरक इतकाच की गुमास्त्याने लिहिलेले ज्याच्या नावाने लिहिले त्याला कळू नये, यातच त्या लेखनाचे सामर्थ्य होते; फुल्यांचे लेखन ते त्याला कळावे यावर उभे आहे. ग्रंथ लिहीत असतानाच त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी तो लोकांना वाचून दाखवला. निरक्षर श्रोत्यापुढे मोठ्याने वाचलेला 'मी' तपासता येतो; असे नाही, माझ्याकडे असे घडले, असे तो श्रोता म्हणू शकतो. मोडीतल्या रोख्याबाबत ही सोय नव्हती.

६

'असुडा'च्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. आर्यांच्या आक्रमणाचा जो सिद्धांत त्यात इतिहास म्हणून येतो, तो त्या काळी युरोपीय विद्वत्तेकडून उसना घेऊन फुल्यांनी आपल्या हेतूसाठी उलटा फिरवला होता; आज तो त्या रूपात ग्राह्य धरता येत नाही. अधिकारी ऐषआरामात गुंग आहेत, कारकून लबाड आहेत, पण राणीचे राज्य मुळात न्यायी आहे, अशी एक श्रद्धा ग्रंथात वारंवार डोकावते. साम्राज्याच्या अर्थकारणाचा गाभा या श्रद्धेमुळे काही ठिकाणी नजरेआड होतो. तरीही हे विसरू नये की दाद मागणाऱ्याला दाद देणारा कल्पावाच लागतो. अर्जाचा तो संकेतच आहे. १८८८ मध्ये पुण्यात राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हाच खरा हिंदुस्थान आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. अर्जाची रीत पाळून अर्जालाच साक्ष बनवण्याची ही कृती 'असुडा'शी सुसंगत आहे.

'असुडा'चे पुढे काय झाले, हे आपल्या वाङ्मयव्यवहाराविषयी पुष्कळ सांगणारे आहे. 'दीनबंधू'ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे धाडस केले नाही. याची खंत फुल्यांनी व्यक्त केली आहे. १९६९ मध्ये 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' निघाल्यावर हा ग्रंथ सर्वसामान्य वाचकाला आणि विद्यापीठीय अभ्यासकाला सहज उपलब्ध झाला. दरम्यान मराठी गद्याचा मानदंड 'निबंधमाले'ने ठरवून टाकला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यातील व्याकरणाच्या चुकांची यथेच्छ टिंगल केली. चिपळूणकरांचे इंग्रजी राज्याविरुद्धचे धैर्य निर्विवाद आहे; १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी त्याची किंमतही मोजली. पण शुद्ध मराठी कोणती, हे ज्या प्रमाणभाषेच्या आधारे ते ठरवत होते, ती प्रमाणभाषा कँडींच्या शिक्षणखात्याने आणि सरकारी भाषांतरकारांनी घडवली होती, हा योगायोग नव्हे. राज्यकर्त्यांशी भांडणारा निबंध आणि राज्यकर्त्यांचा अहवाल यांची भाषिक शिस्त एकच होती. फुल्यांची वाक्ये त्या शिस्तीत बसत नाहीत, कारण ती वाचली जाण्याआधी ऐकली जाण्यासाठी लिहिली आहेत.

यावरून असे म्हणता येईल की 'असुडा'ला निबंधाच्या निकषांवर तोलणे हा प्रकारभेदाचा घोटाळा आहे. त्याची परंपरा रोखा, पंचनामा, अर्ज, साक्ष आणि अहवाल या शासनव्यवहाराच्या गद्याची आहे. त्या गद्याची रूपे घेऊन तो त्यांच्यावरच उलटतो. कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' ही दुष्काळावरची कादंबरी, आणि तिच्यानंतर कोर्ट, सावकार, तलाठी यांच्या भोवती फिरणारे मराठीतील विपुल ग्रामीण कथात्म साहित्य याच परंपरेच्या संदर्भात वाचले, तर ग्रामीण साहित्य म्हणजे बोलीचा वापर आणि निसर्गवर्णने, ही आपली ढोबळ व्याख्या तपासून घ्यावी लागेल. त्या साहित्याच्या गाभ्याशी भूमीइतकाच कागदही आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. १८७९ चा महसूल कायदा गेला, त्या जागी १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. मोडी गेली, आणि आता उतारा संगणकावर मिळतो. तरीही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात खरेदीखताच्या आड कर्जाचा व्यवहार दडला आहे काय, हे तपासण्याची तरतूद करावी लागली. म्हणजे कागदाच्या मागे जाण्याची गरज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही संपली नव्हती. आणि कर्जमाफीसाठी रस्त्यावर येणारा शेतकरी आजही जी घोषणा देतो, ती सातबारा कोरा करा अशी असते. कर्ज फेडा किंवा माफ करा असे न म्हणता तो कागद कोरा करा असे म्हणतो. सुप्याच्या बाजारात ज्यांनी रोखे पेटवले, त्यांचे लिखित शब्दाविषयीचे आकलन या घोषणेत जसेच्या तसे उतरले आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? जुन्या दफ्तरांतील रोखे हे आजवर आपण आर्थिक इतिहासकारांकडे सोपवले आणि अहवाल राजकीय इतिहासकारांकडे. त्या संहितांची भाषा, त्यांतील निवेदक, त्यांचे गृहीत वाचक यांचा विचार करण्याची साधने आपल्या शास्त्रापाशी आहेत; त्यांचा उपयोग आपण केला नाही. तो केला तर एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास कदाचित वेगळ्या ठिकाणापासून सुरू करावा लागेल : छापखान्यापासून न करता मोडी कागदाच्या तळाशी काढलेल्या नांगराच्या निशाणीपासून. ती निशाणी ज्याने काढली त्याला वरचा मजकूर वाचता येत नव्हता. आपल्याला तो वाचता येतो, आणि म्हणूनच तो कोणाच्या वतीने लिहिला गेला, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.